तिथे काहीच नाही!

किनारेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते कुलकर्णी असतील, पाटील असतील, देशमुखही असतील. राहायला कोथरूडला, डोंबिवलीला, नाहीतर नाशिकच्या कॉलेज रोडला. पण दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले की लिफ्टमध्ये जो गृहस्थ "यंदा कुठे?" म्हणून तुम्हाला गाठतो आणि तुमचं उत्तर पुरतं ऐकायच्या आत ज्याचा चेहरा पडतो, तो किनारेकर. प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला एक येतो. मोठ्या सोसायटीत दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

तुम्ही म्हणता, "गणपतीपुळ्याला जाऊ म्हणतोय."

किनारेकर क्षणभर डोळे मिटतात. मग समजूत काढल्याच्या सुरात म्हणतात, "जा, जा. देवदर्शन तरी होईल." या 'तरी'मध्ये तुमच्याबद्दलची सगळी आशा त्यांनी सोडून दिलेली असते. अलिबाग म्हणालात तर तेवढंही बोलत नाहीत, मजल्यांचे आकडे बघत राहतात. तारकर्ली म्हणालात तर, "स्कूबा सुरू व्हायच्या आधी गेला होतात का? नाही ना? मग तारकर्ली तुम्ही पाहिलीच नाहीत." तुमचा मजला येतो. तुम्ही सुटलो म्हणून बाहेर पाऊल टाकता, तर किनारेकरांनी दाराला पाय लावून ठेवलेला असतो. आवाज खाली आणून ते म्हणतात, "मी एक गाव सांगतो. पण कुणाला सांगू नका."

गाव चांगलं असतं. याबाबतीत त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. पण ते चांगलं का, हे ज्या पद्धतीनं सांगतात ती खास त्यांची. नारळी-पोफळी, देऊळ, खाडी यांची वर्णनं इतरांनी करावीत. किनारेकर गावाची स्तुती नकारघंटा वाजवून करतात. "तिथे हॉटेल नाही. दुकान नाही. रेंज नाही. माणूस नाही!" प्रत्येक 'नाही'ला आवाज चढत जातो आणि शेवटी कृतार्थ चेहऱ्यानं, "काहीच नाही हो तिथे!" एखाद्या पुळणीवर शहाळ्याची एक गाडी लागली की त्या गावाचे गुण कापले जातात. बनाना बोट आली की गाव नापास. आणि पॅरासेलिंग आलं की ते गाव त्यांच्या लेखी वारलं. त्याचं नाव काढलंत तर ते सुतकी चेहऱ्यानं "होतं एकेकाळी" एवढंच म्हणतात.

हे 'कुणाला सांगू नका' त्यांनी आजवर सगळी सोसायटी, सगळं ऑफिस, दाताच्या डॉक्टरांकडे बसलेले पेशंट आणि गॅस सिलिंडर घेऊन येणारा मुलगा एवढ्यांना सांगून झालेलं आहे. त्याचं फळही मिळालं. गेल्या डिसेंबरात त्यांच्या अगदी ठेवणीतल्या पुळणीवर, भल्या सकाळी, त्यांना आपल्याच सोसायटीतली दोन कुटुंबं बॅडमिंटन खेळताना सापडली. किनारेकर मटकन वाळूत बसले. "यांना कुणी सांगितलं?"

"अहो, तुम्हीच," किनारेकरवहिनी म्हणाल्या. "गणपतीच्या मीटिंगमध्ये. नकाशाच्या झेरॉक्स काढून."

किनारेकरांचा अभ्यास मात्र दांडगा. शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा लाभल्याचं एक वाक्य असायचं. बाकीच्यांनी ते मार्कांपुरतं वाचलं, यांनी मनावर घेतलं. मुंबईच्या उत्तरेला ते बघत नाहीत ("ते मुंबईनं खाल्लं"), अलिबाग-मुरूडवरून डोळ्यांवर हात ठेवून जातात आणि बाणकोटच्या खाडीला खरे जागे होतात. तिथून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, वेळणेश्वर, हेदवी, जयगड, पूर्णगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, निवती, खवणे, वेंगुर्ले, आरवली, रेडी अशी जपमाळ ते एका दमात ओढतात. कुठल्या खाडीवर पूल आणि कुठे अजून फेरीबोट, कुठल्या गावाला कुठल्या घाटानं उतरायचं, हे तोंडपाठ. ताम्हिणीचे आणि आंबा घाटाचे त्यांच्या मनात पक्ष पडलेले आहेत. करूळनं जावं की भुईबावड्यानं, यावर त्यांचं आणि सोसायटीतल्या दुसऱ्या किनारेकरांचं बोलणं बंद आहे.

तर अशा या गावांचा 'शोध' आपण लावला, असं त्यांचं प्रामाणिक मत असतं. "दाभोळ! अजून कुणाला माहीतच नाही. अगदी अस्पर्श!" असं ते म्हणतात तेव्हा मला त्या गावाची काळजी वाटते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला म्हणून हिंदुस्थानात आला, बहामनी मुलूख हिंडला आणि परतीचं जहाज त्यानं पकडलं ते दाभोळहून. १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडा आला आणि त्यानं हे बंदर लुटून जाळलं. कुणाला माहीत नसतं तर बिचारं वाचलं असतं. खाडीकाठची आदिलशाही काळातली घुमटाची मशीद आजही त्या वैभवाची साक्ष द्यायला उभी आहे. वेंगुर्ल्यात डच येऊन बसले, त्यांच्या वखारीच्या भिंती अजून दिसतात. विजयदुर्गाला १७५६मध्ये अॅडमिरल वॉटसनबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह येऊन गेला, प्लासीच्या लढाईच्या आदल्या वर्षी. आणि रत्नागिरीला तर ब्रह्मदेशचा राजा थिबा गादीवरून उतरवून आणून ठेवला. आयुष्याची तीस वर्षं समुद्राकडे बघत बसून तो १९१६ साली तिथेच वारला. सक्तीनं का होईना, 'सी व्ह्यू'चा एवढा दीर्घ मुक्काम कोकणात दुसऱ्या कुणी केला नसेल. या बंदरांनी साऱ्या जगाची ये-जा पाहिली आहे. तिथे किनारेकर हॅचबॅकमधून उतरतात आणि कमरेवर हात ठेवून म्हणतात, "सापडलं!"

विजयदुर्गावर तर त्यांना आवरायचं कुणी? किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत. तिथे नेऊन ते प्रत्येकाला सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबानं या ओट्यावर दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला. कथा झकास आहे, गावातही सांगतात, आणि ग्रहणाची सावली त्या दिवशी दख्खनवरून गेली होती हेही खरं. फक्त लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्यानं सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा टिपली ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, घरच्या दुर्बिणीतून. त्या ग्रहणासाठी हिंदुस्थानात आलेला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होता, तो आंध्रातल्या गुंटूरला. हे मी एकदा हळूच सांगून पाहिलं. किनारेकर मला म्हणाले, "तुम्ही फार वाचता. जरा समुद्र बघा." यावर उत्तर नाही. समुद्र खरोखरच बघण्यासारखा होता.

दाभोळच्या फेरीबोटीवर त्यांचं एक वेगळंच रूप दिसतं. पलीकडे धोपाव्याला जायला ही बोट, तिला तिकडे जंगलजेट्टी म्हणतात. गाड्या, मोटारसायकली, शाळेची मुलं, कोंबड्यांच्या पाट्या असं सगळं तिच्यावर चढतं आणि चिपळूणवरून घालावा लागणारा मोठा वळसा काही मिनिटांत वाचतो. गाडी लागली रे लागली की किनारेकर कठड्याशी. वारा, खाडी, पलीकडची हिरवी टेकडी. ते शेजारच्या मोटारसायकलवाल्याला म्हणतात, "इथे पूल होता कामा नये. पूल झाला की संपलं!"

मोटारसायकलवाला मास्तर असतो, रोज येऊन जाऊन. तो म्हणतो, "झाला तर बरं होईल हो. रात्रीची शेवटची बोट गेली, की अडलेल्या बाईला घेऊन चिपळूणवरून फिरून यावं लागतं."

"ते आहेच," किनारेकर म्हणतात, "पण ही मजा जाईल ना."

मास्तर पुढे बोलत नाही. गाडीत बसलेल्या वहिनी तेवढ्यात मास्तरच्या बायकोकडून पलीकडच्या बाजारात ओलं खोबरं कुठे चांगलं मिळतं ते विचारून घेतात.

वहिनींचा हा गुण पुन्हा पुन्हा नजरेस येतो. किनारेकर गाव बघतात तेव्हा वहिनी गावातल्या माणसांशी बोलत असतात. त्यामुळे गावाची माहिती किनारेकरांकडे असते आणि गाव वहिनींना ओळखतं.

हर्णैचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव हा किनारेकरांच्या यादीतला राखीव सोहळा. तिथे पाहण्यासारखं खरोखर खूप आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, बोटी लांब नांगरलेल्या, आणि मासळी किनाऱ्यावर आणायला चक्क बैलगाड्या समुद्रात शिरतात. पाणी बैलांच्या पोटाला लागलेलं असतं आणि बैलांना त्याचं काही वाटत नाही. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग पडतात, बोली चढते, बर्फ फुटत असतो, टेम्पो भरत असतात. बोटींवर खलाशी म्हणून आलेली नेपाळची पोरं अस्खलित कोळी ढंगात एकमेकांना हाका मारतात. समुद्र न पाहिलेल्या देशातून येऊन ही मुलं समुद्रावर पोट भरतात, याच्यावर कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं. किनारेकर लिहिणार नाहीत, कारण ते त्या वेळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, नाकाला रुमाल लावून, डिझेलचे कॅन चुकवत फोटोसाठी कोन शोधत असतात. फोटो उत्तम येतो. किल्ला, मावळता सूर्य, एक बैलगाडी. टेम्पो, बर्फाचा कारखाना आणि प्लास्टिकचा ढीग कापून बाहेर काढलेले. फोटो ग्रुपवर जातो, खाली ओळ: 'शांतता'. वास्तविक त्या क्षणी तिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसतं.

मग त्यांना एक सुरमई घ्यावीशी वाटते. एकच. लिलाव पाटीनं चाललेला, पण हे वाकून एका बाईला विचारतात, "ताजी आहे का?"

तिच्या नवऱ्याची बोट अजून मागे पाण्यात डुलत असते. ती त्यांना खालपासून वरपर्यंत बघते. "नाय दादा, परवाची हाय. परवा पकडली, मग पुन्यांदा दर्यात सोडली, आता तुम्ही येनार म्हनून परत आनली."

किनारेकर भाव करतात. पुण्यात याहून स्वस्त मिळते असं सांगतात. ती म्हणते, मग पुण्यातच घ्या की, एवढं डिझेल कशाला जाळलंत? या प्रश्नाला तर्काच्या अंगानं उत्तर नाही. सुरमई अखेर वहिनी घेतात, तीही साफ करून, तुकडे पाडून, वर दोन बांगडे असेच.

मालवणच्या बाजूला रापण ओढणं चालू असेल तर किनारेकर थांबतातच. किनाऱ्यापासून होडीनं जाळं अर्धवर्तुळात टाकून आणतात आणि दोन्ही टोकांना माणसं लागून ते वाळूवर ओढून घेतात. काम घामाचं आणि तासन् तासांचं. किनारेकर वहिनींच्या हातात मोबाईल देऊन दोराला हात लावतात, तोंडानं 'हैय्या' म्हणतात, फोटो झाला की सोडतात. एकदा गंमत झाली. जाळं वर आलं, वाटे पडायला लागले, आणि एका पोरानं येऊन किनारेकरांच्या ओंजळीत चार तारल्या टाकल्या. दोर ओढला त्याचा वाटा. किनारेकर त्या चार माशांकडे बघत उभे राहिले. असं त्यांना ऑफिसात कुणी कधी मोजून दिलं नसावं. ती रात्र त्यांनी फोटो पाठवण्याऐवजी तारल्या तळून घेण्यात घालवली आणि खरं सांगायचं तर त्या सहलीत माणूस म्हणून ते मला तेवढाच वेळ आवडले.

वेळासला ते कासवांशी भांडून आले आहेत. नाना फडणीसांचं हे गाव आता ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लांसाठी माहीत झालं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी मिळून अंडी राखायला सुरुवात केली, आणि आता पिल्लं समुद्रात सोडायच्या दिवसांत घराघरांत पाहुणे उतरतात. अडचण एवढीच, की पिल्लू अंड्यातून कधी बाहेर येईल हे पिल्लू ठरवतं. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलून बघतात. असली तर असली. किनारेकर शनिवार-रविवारची रजा जोडून गेले, चार वेळा टोपली उचलली, खाली वाळू. "काय व्यवस्थापन आहे का काही?" असं त्यांनी विचारल्याचं वहिनी सांगतात. सोमवारी पहाटे घाट चढत असताना फोन आला, की आत्ताच पिल्लं निघाली. तेव्हापासून वेळास यादीत आहे, पण कंसात.

आता त्यांच्या सगळ्यात लाडक्या गावाकडे येतो. गाव सिंधुदुर्गातलं. नाव सांगत नाही, मला बजावून ठेवलेलं आहे. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, माडांत दडलेलं. पूर्वी मुंबई-गोवा आगबोटी होत्या तेव्हा असल्या गावांना जायचं तर आगबोट लांब पाण्यात उभी राहायची आणि पडावात उतरावं लागायचं. बायका, ट्रंका, पोरं सगळं हातांवर झेलून घेत. आता रस्ता आहे. संध्याकाळी वस्तीची एसटी येते, रात्री मुक्काम करते आणि पहाटे निघून जाते. तिथल्या एका मावशींच्या घरी किनारेकर पहिल्यांदा उतरले तेव्हा मावशी पाहुणे ठेवत नव्हत्या. यांनी गळ घातली म्हणून माजघर दिलं. चुलीवरचं जेवण, बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, भाकरी, सोलकढी. किनारेकर पुण्याला परतले ते तरंगत.

पण जाताना मावशींना म्हणाले, "सगळं छान हो, फक्त तेवढा कमोड असता तर..."

पुढच्या वर्षी कमोड होता. तेव्हा म्हणाले, "आंघोळीला गरम पाणी नळाला असतं तर हिला बरं पडलं असतं." (वहिनी परसात चुलाण्याच्या पाण्यानं खुशाल आंघोळ करत होत्या, पण असल्या मागण्या नेहमी वहिनींच्या नावावर पडतात.) गीझर बसला. मग डासांसाठी जाळ्या, मग मे महिन्यात उकडतं म्हणून एका खोलीला एसी, मग "समुद्र दिसत नाही का इथून?" मावशी म्हणाल्या, "ऐकाक येता मां?" तिकडे जुनी घरं समुद्राला पाठ देऊन, वाडीत आत बांधलेली असतात. खारा वारा, वादळ आणि भरती यांच्याशी पिढ्यान् पिढ्या व्यवहार केलेली माणसं समुद्राला फार जवळ करत नाहीत. तरी मावशींच्या मुलानं गच्चीवर एक खोली चढवली. तिथून माडांच्या शेंड्यांतून निळी पट्टी दिसते.

या खेपेला गेले तर वळणावर पाटी: 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. खाली फोन नंबर, शेजारी मोदकाचं आणि माशाचं चित्र, दोघं एकमेकांकडे बघत हसताहेत.

किनारेकरांनी गाडी थांबवली. बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. "संपलं," ते म्हणाले. "हेही गेलं."

आणि मावशींना भेटल्याबरोबर तेच ऐकवलं. पूर्वीची मजा राहिली नाही, ते साधेपण गेलं, तुम्ही पण आता धंदा करायला लागलात.

मावशी खोबरं खवत होत्या. खवणीवरचा हात न थांबवता म्हणाल्या, "तुमी सांगलास म्हणान कमोड बसयलो. तुमी सांगलास म्हणान गीझर. तुमीच चार जणांक धाडलास. आता हो बोर्ड लावलो तर काय झाला? झील माझो मुंबयत बारा तास वॉचमनकी करी होतो. ह्या बोर्डान तो घराक इलो."

मी हे ऐकत ओटीवर बसलो होतो. किनारेकर गप्प झाले, पण पटून नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढे पुढचं गाव यायला लागलेलं होतं, जिथे अजून कमोड नाही.

पटत नसलं तरी त्यांना तिथेच जमीन मात्र हवी असते. प्रत्येक किनारेकराच्या खिशात कोकणातल्या पाच गुंठ्यांचं एक स्वप्न घडी घालून ठेवलेलं असतं. समुद्रासमोर, कौलारू, पुढे झोपाळा. या स्वप्नाला पहिला धक्का सीआरझेड देतं. १९९१पासून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधनं आहेत, आणि यांना हवी असते नेमकी पाण्याला लागून. दुसरा धक्का शेतकरी दाखला. शेतजमीन घ्यायची तर आपण शेतकरी असावं लागतं, आणि किनारेकरांच्या घराण्यानं शेवटचा नांगर धरल्याला किती पिढ्या झाल्या हे कुणालाच आठवत नाही. तिसरा धक्का सातबारा. एका आंब्याच्या कलमाखालच्या तुकड्यावर सहहिस्सेदारांची एवढी नावं, की वाचायला चष्मा बदलावा लागतो. त्यातले निम्मे मुंबईला, एक कॅनडात, दोघं वारलेले पण उताऱ्यावर ठणठणीत, आणि एक चुलता गावातच आहे पण तो सही करणार नाही, कारण १९७८ साली गणपतीत आरतीच्या तबकावरून त्याचा अपमान झाला होता. किनारेकर प्रत्येक सहलीत अर्धा दिवस तलाठ्याच्या दारात काढतात आणि संध्याकाळी मावळतीकडे बघत म्हणतात, "जमेल. कागद क्लिअर होताहेत."

याच जमिनीसाठी ते आरवलीच्या वेतोबाला नवस बोलून आले. वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्या थोरल्या चामड्याच्या वहाणा वाहायची रीत आहे. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो, म्हणून वहाणा झिजतात अशी श्रद्धा. किनारेकरांनी केळी वाहिली. वहाणांचं जमीन झाल्यावर बघू म्हणाले. सहहिस्सेदारांच्या दारोदार हिंडून त्यांच्या स्वतःच्याच इतक्या झिजल्या आहेत, की देवानं त्यांना एक जोड द्यायला हरकत नव्हती.

पावसाळ्यात त्यांना नेऊ नये असं माझं मत आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, जेटी ओस, समुद्र मातकट, ताटात सुकट. खरं म्हणजे त्यांना हवं होतं तसं गाव तेव्हाच मिळतं, कारण तेव्हा तिथे शब्दशः काहीच नसतं. एकदा गेले. दुसऱ्या दिवशी वीज गेली. तिसऱ्या दिवशी ते लांजामार्गे परत निघाले, वाटेत भेटेल त्या टपरीवर वडापाव खात.

इतकं बोलून झाल्यावर त्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. या माणसानं सांगितल्याशिवाय मी पूर्णगडला कधी गेलो नसतो. मुचकुंदीच्या मुखावरचा हा किल्ला पाऊण तासात पाहून होतो. तटावर बसलं की एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि दोन्हींचं पाणी मिसळतं तिथे रंगाची एक रेघ पडलेली दिसते. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला कुठल्या वेळी जावं, जयगडच्या बंदराची घरघर सोडून कऱ्हाटेश्वराच्या पायऱ्यांवर कुठे बसावं, शिरोड्याला १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाची मिठागरं कुठे होती, हे त्यांनी मला सांगितलं. आणि शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर मास्तर होते, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला होता. गावावर त्यांचं प्रेम आहे. त्या प्रेमात फक्त गावातल्या माणसांना जागा थोडी कमी आहे.

तेव्हा तुमच्या लिफ्टमधल्या किनारेकरांकडून यादी अवश्य घ्या, झेरॉक्स ते स्वतःच देतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. रेल्वेनं जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा: कोकण रेल्वे १९९८पासून पुरी धावते आहे, पण किनाऱ्यावरच्या या बहुतेक गावांना ती शिवत नाही. सिंधुदुर्गात जायचं तर कणकवलीला किंवा कुडाळला उतरून खाली यावं लागतं, आणि तिथून एसटीच्या वेळा वहिनींना विचाराव्यात, किनारेकरांना नव्हे. मासळीचा भाव त्यांना करू देऊ नका. आणि ज्या घरी उतरणार तिथे जेवणारी माणसं किती, त्यातली शाकाहारी किती, हे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन करून कळवा. मावशींना मासळी सकाळी सातच्या आत जेटीवर जाऊन घ्यावी लागते, नऊनंतर तिथे काही राहत नाही.